गाळलेल्या अकरा ओळी

कोळ्याच्या पोटी जन्मून ज्याला होडी लागते, असा माणूस रेवदंड्याच्या कोळीवाड्यात शंभर वर्षांत एखादाच निपजत असेल. तो नेमका येसाजी नाखव्याच्या घरी निपजला. धर्माजी त्याचं नाव. बाराव्या वर्षी बापानं त्याला पहिल्यांदा खाडीबाहेर नेला, तर पोरगं कोर्लईचं टोक ओलांडायच्या आधीच ओकायला लागलं आणि संध्याकाळी किनाऱ्याला लागेपर्यंत ओकतच राहिलं. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला होडीवरच्या माणसांनी येसाजीला साफ सांगितलं, "नाखवा, ह्याला घरी ठेव नायतर आमाला ठेव." येसाजीनं हात टेकले आणि पोराला शाळेत बसवलं. इतर बाप हौसेनं पोरं शाळेत घालतात, येसाजीनं नाइलाजानं घातला.

शाळेत मात्र धर्माजीचं डोकं बरं चाललं. १९२३ साली तो मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाला आणि अलिबागला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. त्या छापखान्यातून 'सागरतीर' नावाचं साप्ताहिक निघायचं. मालक, संपादक आणि हिशेबनीस सगळं एकच, बाळाजीपंत. माणूस वाईट नव्हता. पण पत्र चालायचं ते सरकारी जाहिरातींवर आणि लिलावांच्या नोटिशींवर, त्यामुळे बातमी म्हणजे नोटिशींच्या मधली भोकं बुजवायचा माल, असंच त्यांचं मत झालं होतं. धर्माजी ती भोकं बुजवायला लागला. आधी लाँचच्या वेळा, मग बाजारात मासळी किती आली, मग चौलच्या जत्रेचा वृत्तान्त. लिहायचाही तोच आणि खिळे जुळवायचाही तोच. पुष्कळदा तर कागदावर न लिहिता थेट खिळ्यांतच बातमी रचायचा, आणि त्याचा त्याला गर्व होता.

त्याहून जास्त गर्व कोळीवाड्याला होता. दर सोमवारी टांग्यातून 'सागरतीर'चा एक अंक रेवदंड्याला यायचा. दुकानदार अंबाजी तो दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचा आणि पन्नास-साठ माणसं ऐकायची. पूर्वी छापलेलं म्हणजे सरकारचं किंवा भटाबामणांचं, आपण फक्त मान हलवायची, अशी रीत होती. आता छापणारा आपला होता. "आपल्या धर्माजीनं लिवलंय," एवढं अंबाजीनं म्हटलं की वाद मिटायचा. धर्माजीला हे ठाऊक होतं. सुट्टीत गावी आला की छाती जरा पुढे काढूनच चालायचा. माणसाला तेवढं तरी हवं असतं, त्यात काही गैर नव्हतं.

१९३३ च्या थंडीत डॉ. चौलकर मुंबईहून आले. घराणं चौलचंच, पण हे मुंबईला एका प्रयोगशाळेत काम करायचे. कोळीवाड्यात आणि आसपासच्या शेतकरी गावांत कितीतरी पोरांना दिवे लागायच्या वेळेला दिसेनासं व्हायचं. दिवसा पोर चांगलं खेळतं आणि तिन्हीसांजेला दाराच्या चौकटीवर आपटतं. गावात त्याला रातांधळं म्हणतात आणि कपाळाला हात लावून सोडून देतात. डॉक्टरांचा कयास असा होता की मुशी माशाच्या काळजातून निघणाऱ्या तेलात या आजारावरचा गुण आहे. खरा आहे की नाही, ते चौलच्या एका शाळेत तपासायचं होतं.

बाळाजीपंतांनी धर्माजीला धाडलं. डॉक्टरांनी त्याला दारातच अडवलं.

"वर्तमानपत्रवाले का? मागे एकानं माझ्या कामावर लिहिलं. दहा मिनिटं बसला आणि मी क्षयावर औषध शोधलं म्हणून छापून मोकळा झाला. त्यानंतर वर्षभर लोक माझ्या दाराशी येऊन रडत होते. तुम्हाला लिहायचं असेल तर चार दिवस इथं राहा. नाहीतर आत्ताच परत जा."

धर्माजी राहिला. शाळेच्या पडवीत पथारी टाकली. आणि इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढं जे झालं ते ऐकून कोणी म्हणेल की बिचाऱ्याला शास्त्र कळलं नसेल. त्याला कळलं होतं. चांगलं कळलं होतं. संध्याकाळी डॉक्टर एका खोलीची दारं-खिडक्या लावून घेत, फक्त एक फट उघडी ठेवत आणि जमिनीवर वीस पांढऱ्या कवड्या टाकत. एकेक पोर आत जाऊन सापडतील तेवढ्या कवड्या उचलून आणी. कोणी अठरा आणी, कोणी तीन. ज्यांना तीन-चारच दिसत अशी चोवीस पोरं डॉक्टरांनी निवडली होती. त्यातल्या बारांना जेवणानंतर मुशीचं ताजं, गाळलेलं तेल चमचाभर पाजायचं आणि उरलेल्या बारांना तितकंच खोबरेल.

"खोबरेलात काही गुण आहे का?" धर्माजीनं विचारलं.

"माझ्या समजुतीप्रमाणे नाही."

"मग ते कशाला पाजता?"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "हा प्रश्न त्या दहा मिनिटंवाल्यानं विचारला असता तर बरं झालं असतं. समजा मी सगळ्यांना मुशीचंच तेल दिलं आणि तीन आठवड्यांनी पोरं बरी झाली. कशानं झाली? तेलानं, की शाळेत रोज कोणी तरी विचारपूस करतंय म्हणून, की या दिवसांत माठ-मुळ्याची भाजी घरात येते म्हणून? खोबरेलवाली पोरंही तेवढीच बरी झाली, तर माझं तेल फुकट."

धर्माजीनं ते वहीत लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी तो स्वतःच्या पदरचं भाडं घालून पुन्हा आला. मुशीच्या तेलाच्या बारांपैकी नऊ पोरं कवड्या भराभर उचलत होती. तिघांत काहीच फरक नव्हता. खोबरेलाच्या बारांत दोघंच सुधारली होती. डॉक्टर खूश होते, पण सावध. "एका शाळेचं काम आहे हे. पुढच्या थंडीत आणखी दोन ठिकाणी करायचंय. आणि एक लक्षात ठेवा. हे फक्त रातांधळ्याला. मोतीबिंदूला नाही, देवीत गेलेल्या डोळ्याला नाही. तेल ताजं हवं, पोटातून घ्यायचं. होडीला लावायला साठवतात ते घरातलं जुनं तेल अजिबात नको. एवढं लिहाच."

"लिहीन," धर्माजी म्हणाला. आणि त्यानं लिहिलं.

परत जाण्याआधी दुपारी तो रेवदंड्याला बहिणीकडे डोकावला. शकू त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, तिचा नवरा काळूराम स्वतःच्या होडीचा धनी. अंगणात त्यांची आठ वर्षांची केसर सागरगोटे खेळत होती. गोटा वर उडवायची आणि अचूक झेलायची. तिच्या कडेला रांगती रंगू माती खात बसली होती. धर्माजीनं दोघींच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

"दादूस, तो डाक्टर पोरांच्या डोल्यांना काय करतो रं?" शकूनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

धर्माजीच्या डोक्यात तेव्हा मथळे घुमत होते, टांगा सुटायची वेळ झाली होती. "तुला न्हाय कलायचं त्ये," तो हसत म्हणाला. "छापून येल तवा आयक."

केसरला गेल्या पावसाळ्यापासून तिन्हीसांजेला दिसत नव्हतं. मुलीच्या जातीला असलं काही आहे असं बाहेर फुटलं तर उद्या कोण करून घेईल, म्हणून शकू दिवे लागायच्या आधी तिला चुलीपाशी बसवायची आणि सकाळपर्यंत उठू द्यायची नाही. शाळेत ती जातच नव्हती आणि चौलच्या शाळेत काय चाललंय ते कोळीवाड्यात नीट कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांच्या कवड्यांपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. भर दुपारी आलेल्या मामाला हे दिसणार कसं? शकूनं ठरवलं, छापून येईल तेव्हा ऐकू.

छापून यायला सहा महिने लागले. धर्माजीनं दीड रकाना लिहिला होता, कवड्यांसकट, खोबरेलासकट. बाळाजीपंतांनी तो वाचला, चांगला आहे म्हणाले आणि खणात टाकला. म्युनिसिपालिटीची भांडणं आली, लोकल बोर्डाची निवडणूक आली, नोटिशींचा तर पूरच आला. धर्माजी दर आठवड्याला आठवण करायचा. श्रावणात एकदा एका औषधवाल्याची जाहिरात आयत्या वेळी रद्द झाली आणि जागा मोकळी पडली. बाळाजीपंत म्हणाले, "घे तुझी मुशी. पण दीड रकाना नाही, चौतीस ओळींत बसव." धर्माजीनं दिवसभर खपून चौतीस ओळींत बसवलं. सगळं बसवलं. मथळा बाळाजीपंतांनी स्वतः दिला: 'डोळ्यांना वरदान! मुशीच्या तेलाचा चमत्कार.' चमत्कार हा शब्द धर्माजीला खटकला, पण मालकाचा मथळा कोण खोडणार?

शनिवारी संध्याकाळी पान चौकटीत आवळून तयार होतं आणि कचेरीचा शिपाई खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या ठेक्याच्या लिलावाची नोटीस घेऊन आला. ती याच अंकात जायला हवी होती. बाळाजीपंत उपरणं खांद्यावर टाकून जेवायला निघाले होते. त्यांनी पानावर बोट ठेवलं. "तुझ्या मुशीतून अकरा ओळी काढ. कुठल्या त्या तुझ्या तू बघ." आणि ते गेले.

म्हणजे दोष दुसऱ्यावर ढकलायची सोयही नशिबानं ठेवली नाही. छापखान्यात धर्माजी एकटा होता, समोर त्याच्याच चौतीस ओळी होत्या आणि हातात चिमटा होता. त्यानं त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. सुरुवातीच्या आठ ओळी अशा होत्या की ज्या दर्याच्या लेकरांना जग अडाणी म्हणतं, त्यांच्याच जाळ्यातली मुशी आज शास्त्राला वाट दाखवते आहे. डॉ. चौलकर हे आपल्याच मातीतले. रेवदंड्याचं नाव आता विलायतेपर्यंत जाईल. या ओळी ऐकताना येसाजी नाखव्याचा चेहरा कसा होईल, ते त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं. शेवटच्या अकरा ओळींत होतं ते असं: ताजं तेल, जेवणानंतर चमचाभर प्यायचं, फक्त रातांधळ्याला, होडीचं जुनं तेल वापरू नये, बारांपैकी तिघांना गुण आला नाही, खोबरेलाची तुलना, एका शाळेच्या कामावरून निकाल लावू नये.

तो स्वतःशी म्हणाला, तेल प्यायचं हे काय सांगायला हवं? सगळ्यांना कळतंच. आणि खोबरेलाची भानगड अंबाजीला वाचताना तरी समजणार आहे का?

त्यानं चिमट्यानं शेवटच्या अकरा ओळी उचलल्या.

श्रावणात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पुनवेआधी त्यांच्या बुडाला तेल पाजायचं असतं, आणि तेही मुशीचंच. वर्षभर मुशीची काळजं कढवून तेल मडक्यात साठवतात. तळाला लावायच्या तेलात चुना घोटतात, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. हे सगळं धर्माजीला तान्हेपणापासून माहीत होतं. मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मुशी कुठून येणार? पण घरोघर तेलाची मडकी त्याच आठवड्यात बाहेर काढलेली होती, आणि सगळी माणसं घरी बसलेली होती. अंबाजीला त्या सोमवारी जेवढे ऐकणारे मिळाले तेवढे वर्षात कधी मिळाले नव्हते.

त्यानं ती बातमी तीनदा वाचली. येसाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा काळूरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बग, आपली मुशी!"

डोळ्याचं औषध म्हणजे डोळ्यात घालायचं, हे कोळीवाड्यात पोराटोरांना ठाऊक होतं. काजळ डोळ्यात घालतात, मध डोळ्यात घालतात, डोळे आले तर अंगावरचं दूध पिळतात. प्यायचं औषध पोटाचं. यात कोणी मूर्ख नव्हतं. जे छापलं होतं त्यावरून कोणीही हेच केलं असतं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्याच संध्याकाळी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांत तेल घातलं. त्यांची मडकी बिनचुन्याची निघाली म्हणून डोळे लाल होण्यावर भागलं.

शकूच्या घरातल्या मडक्यात काळूरामनं आदल्या दिवशी चुना घोटला होता. चुना खाली बसला आणि वर तेल नितळ दिसत होतं. शकूनं ते वरचं तेल काढलं, फडक्यातून गाळलं, कोमट केलं. जितकं जपून करता येईल तितकं जपून केलं. सासू सोनूबाईनं केसरचे हात धरले आणि शकूनं एकेका डोळ्यात चार-चार थेंब घातले. केसरनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बायका धावत आल्या. "औषध झोंबतंच," सोनूबाई म्हणाली. मध नाही का झोंबत? दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून मिटल्या होत्या. त्या उघडून पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशीही घातलं. काळूराम म्हणाला, "जरा थांब गं." त्यावर शकू म्हणाली, "छापलाय ना? माज्या भावासनं छापलाय."

धर्माजीला पाचव्या दिवशी कळलं. भर पावसात तो अलिबागहून निघाला. टांगेवाला यायला तयार नव्हता, म्हणून निम्मी वाट चालत गेला. घरात शिरला तेव्हा केसर चुलीपाशी बसली होती आणि डोळ्यांवर ओलं फडकं होतं. त्यानं फडकं उचललं. बुबुळं शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखी पांढरी झाली होती. त्यानं फडकं परत ठेवलं.

"हे कोनी सांगितला तुला? डोल्यात घालायचा कोनी सांगितला?" तो ओरडला.

शकूनं त्याच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. "मी इचारला व्हता तुला, दादूस," ती म्हणाली. "छापून येल तवा आयक बोललास. मी आयकला."

त्याच पावसात केसरला बैलगाडीनं अलिबागच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून डॉ. चौलकर दहा दिवसांनी मुंबईहून रस्त्यानं आले. त्यांनी केसरला पाहिलं, मग शकूला हळू आवाजात एकेक विचारलं. पोरीला दिसत नव्हतं म्हणजे कधी? तिन्हीसांजेलाच का? दिवसा सगळं दिसायचं ना? प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. बाहेर ओट्यावर येऊन त्यांनी 'सागरतीर'चा अंक मागितला. वाचला. मग धर्माजीचं मूळ दीड रकान्याचं हस्तलिखित मागितलं. तेही वाचलं, अगदी शेवटपर्यंत.

"हिला तेच होतं," ते म्हणाले. "चमचाभर ताजं तेल तीन आठवडे पाजलं असतं तर ही पोर आज कवड्या उचलत असती."

धर्माजी खाली मान घालून उभा होता. डॉक्टरांनी शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तो दहा मिनिटंवाला होता ना, त्याला काही समजलंच नव्हतं. त्याला मी माफ केलं," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला समजलं होतं. या कागदावर सगळं बरोबर आहे. याचंच मला जास्त वाईट वाटतं." त्यांनी हस्तलिखिताची घडी घालून त्याच्या हातात दिली आणि ते निघून गेले.

पुढच्या अंकात धर्माजीनं त्या अकरा ओळी छापल्या, आणि त्यांच्यावर आणखी वीस. जाड खिळ्यांत. स्वतःची चूक कबूल करून, हात जोडून. बाळाजीपंतांनी जागा दिली, एका लिलावाची नोटीस आठवडाभर मागे ठेवून. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असेल. अंबाजीनं सोमवारी ते वाचायला घेतलं. अर्ध्यातच माणसं उठून गेली. कोणी आरडाओरडा केला नाही. अंबाजीनं कागद घडी करून ठेवला आणि पुढं 'सागरतीर' मागवणं बंद केलं. दुकानाची पायरी सोमवारी रिकामी राहू लागली.

पुढच्या थंडीत डॉक्टर ठरल्याप्रमाणे दुसऱ्या फेरीसाठी रेवदंड्यात आले, तेव्हा शाळेत एक पोर उरलं नाही. तेलाचा डाक्टर आला म्हणताच आयांनी पोरं घरात कोंडली. एका बाईनं त्यांच्या बाटल्या पायरीवर फोडल्या. रेवदंड्यात त्या वर्षी किती पोरं तिन्हीसांजेला भिंती चाचपत होती, हे मोजायलाही कोणी उरलं नाही. डॉक्टर सामान बांधून म्हसळ्याकडे गेले. तिथं दोन शाळांत काम केलं, मग आणखी एका गावात. १९३७ साली त्यांचा पक्का निकाल आला. तेलात गुण होता. तेव्हाही होता.

तो निकाल धर्माजीनं छापला. दोन अंकांत, पुरे चार रकाने. तेल कसं काढायचं, किती, कोणाला, कोणाला नाही, किती जणांना गुण आला नाही, सगळं छापलं. खोबरेल कशासाठी, ते तर त्यानं इतकं सोपं करून सांगितलं की पेणच्या एका मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवल्याचं पत्र धाडलं. लांबलांबच्या गावांत लोकांनी पोरांना तेल पाजलं आणि पोरं बरी झाली. अशीही पत्रं आली. बत्तीस वर्षांचा धर्माजी तेव्हा पन्नाशीचा दिसायचा. ती पत्रं तो वाचायचा आणि बाजूला ठेवायचा. रेवदंड्याहून एकही पत्र आलं नव्हतं.

या तीन वर्षांत तो दर महिन्याला बहिणीकडे जायचा. शकू त्याला ओट्यावर बसू द्यायची, पाणी द्यायची, पण आत बोलवायची नाही. बाप येसाजी शेवटी तिच्याच घरी वारला, तेव्हाही धर्माजी बाहेरच बसला होता. केसर मात्र त्याच्याजवळ येऊन बसायची. ती अकरा वर्षांची झाली होती, जाळी विणायला शिकली होती, बोटांनी गाठी मोजायची. तिनं त्याला कधी काही विचारलं नाही. हेच त्याला सगळ्यात जड जायचं.

त्या कार्तिकात एका दुपारी केसर जाळं विणता विणता हळूच म्हणाली, "मामा, रंगूला पन झालाय."

"काय झालाय?"

"माज्यावानी. दिवे लागले का भिंत धरून चालते. आयस बोलत न्हाय कोनाला. पन मना आयकू येतंय. तिचा हात भिंतीवर घासत जातो."

धर्माजी तसाच उठला आणि अलिबागला गेला. चौथ्या दिवशी म्हसळ्याहून डॉक्टरांनी स्वतः गाळून दिलेलं ताजं तेल घेऊन परत आला. बाटली पिवळीधमक, स्वच्छ. चमचासुद्धा नवा आणला होता. शकू दारात उभी राहिली. त्यानं बाटली पुढं केली आणि तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"हे प्यायचा हाय, शकू. डोल्याला लावायचा न्हाय. रोज जेवल्यावर येक चमचा. येकवीस दिस. रंगूची नजर परत येल, शंभर पोरांची आली. मी सोता बगितलीत."

"तवा पन बगितली व्हतीस."

"चूक माजी व्हती, तेलाची न्हाय! बाय, माजं आयक. तेल खरा हाय." त्यानं बूच काढलं आणि तिच्यासमोर चमचाभर प्यायला. मग दुसरा. तिसरा. वास उग्र होता, घशाशी आलं, तरी प्यायला. "बग. काय झाला मना? पी म्हनालीस तर बाटलीभर पितो."

"पी," शकू म्हणाली. "तुजे डोले हायत."

तो तिच्या पायांवर पडला. मोठ्या भावानं धाकट्या बहिणीच्या पायांवर पडणं म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं. तिनं पाय मागे घेतले. आवाज चढवला नाही. "येक तुला दिली," ती म्हणाली. "दुसरी न्हाय देनार. ही संध्याकाली तरी आंधली हाय. दिवसा तरी बगते." आणि दार लावून घेतलं.

तिच्या बाजूनं विचार केला तर तिचं सगळं बरोबर होतं. तिनं एकदा विश्वास ठेवून पाहिला होता. शास्त्र खरं असून आता उपयोग नव्हता, कारण ते तिच्यापर्यंत पोचवायला जो एकच माणूस होता, तो तिच्या लेखी कायमचा खोटा ठरला होता. ही गाठ त्यानं स्वतः घातली होती आणि ती त्याला सोडवता येत नव्हती. चार रकाने छापूनही नाही आणि चाळीस छापूनही नाही.

तो ओट्यावर बसून राहिला. उजेड कमी होत गेला. शेजारी कोणी तरी देवापुढं दिवा लावला. तेवढ्यात घराच्या मागच्या अंगानं रंगू आली. चार वर्षांची, परकर घोट्यापर्यंत. एक हात भिंतीवर. पावलं चाचपत टाकत ती ओट्यापर्यंत आली, तशी तिची बोटं त्याच्या खांद्याला लागली. ती थांबली. बोटं त्याच्या कानावर गेली, मग गालावर.

"कोन हाय?" तिनं विचारलं. "बा?"

धर्माजीनं श्वास रोखला. बोलला असता तर ती घरात पळाली असती, मामानं काही दिलं तर घ्यायचं नाही असं शकूनं तिला शिकवून ठेवलं होतं. बाटली त्याच्या हातात होती, चमचा खिशात होता, आणि पोरीचं तोंड वीतभर अंतरावर होतं. पण एका चमच्यानं काही होत नाही. एकवीस दिवस लागतात, आणि हे सगळ्या रेवदंड्यात एकट्या त्यालाच नीट ठाऊक होतं.

"कोन हाय?" रंगूनं पुन्हा विचारलं. थोडा वेळ तिनं वाट पाहिली, मग हात भिंतीवर परत ठेवला आणि दाराकडे निघाली.